परसातली गाजरे आणि गोगलगाई



पत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांना हसू आले असेल. या मंडपात काल लोकशाहीच्या भवितव्याचा विचार झाला. उद्या संतवाङ्मयाचा व्हायचा आहे. या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत आम्ही गाजरे आणि गोगलगाई घेऊन उभे आहोत. चिटणीसांनी आम्हांला भीत भीत विचारलेही, "विषय थोडा लहान होत नाही का?" आम्ही म्हटले, "लहान आहे खरा. पण एका रात्रीत सगळा वाफा साफ करतो."

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःच काढून ठेवतो. बाहेर वैशाखातले ऊन तापले आहे, मंडपातले पंखे गरम वारा ढकलत आहेत, आणि अशा वेळी पावसाळ्यातल्या प्राण्याची चर्चा कशाला? तर याचे उत्तर असे, की हीच वेळ नेमकी आहे. या घटकेला गोगलगाई कुठे गेलेल्या नाहीत. त्या तुमच्याआमच्या परसातच आहेत. कुंड्यांच्या बुडाशी, रचून ठेवलेल्या विटांच्या फटीत, भिंतीच्या सावलीकडच्या कोपऱ्यात, शंखाचे तोंड पापुद्र्याने लिंपून घेऊन त्या स्वस्थ झोपल्या आहेत. पहिल्या चांगल्या पावसाबरोबर त्या जाग्या होतील. शहाण्या माणसाने शत्रूशी बोलणी करायची ती तो झोपलेला असतानाच.

आपल्याकडे म्हण आहे, 'गोगलगाय नि पोटात पाय'. वरून गरीब आणि आतून लबाड अशा माणसाला आपण ती लावतो. पण या म्हणीत प्राणिशास्त्रही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने या प्राण्यांच्या वर्गाला जे नाव दिले, ते पोट आणि पाय या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचे बनले आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'उदरपाद' हा शब्द त्याचाच संस्कृत अवतार. आमच्या आजीला ग्रीक येत नव्हते, आणि क्युव्हिएला मराठी येण्याचे कारण नव्हते. पण दोघांनीही वाकून नीट पाहिले होते, म्हणून दोघांना एकच गोष्ट दिसली. आजच्या व्याख्यानाचे सार विचाराल तर तेवढेच आहे. वाकून पाहावे, आणि तेही रात्री पाहावे. आम्ही ते पाहिले नाही, म्हणून एका भल्या माणसाचा अपमान केला. ती हकीगत आधी सांगतो.

आमचे परस म्हणजे काही बागाईत नव्हे. घराच्या मागे तीन वाफे, एक कढीलिंबाचे झाड, एक मोडकी दगडी डोणी आणि शेजाऱ्यांच्या व आमच्या मध्ये छातीइतकी भिंत. एका वर्षी गणपती उठल्यानंतर आम्ही गाजरे पेरली. बाजारातल्या बियाण्याच्या दुकानातून पाकीट आणले, माती भुसभुशीत केली, वरंबे काढले, बी हातावर चोळून घेतले, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर दिला आणि रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर झारीने पाणी घालू लागलो. आठ दिवस गेले, बारा गेले, पंधरा गेले; वाफा जसाच्या तसा काळा. सोळाव्या दिवशी आम्ही रिकामे पाकीट खिशात घालून दुकानात गेलो, आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत दुकानदाराला काय वाटेल ते बोललो. जुने बी विकता, लोकांच्या श्रमाची किंमत नाही, वगैरे वगैरे. त्या गृहस्थांनी एकही शब्द उलट काढला नाही. दुसरे पाकीट आमच्या हातात ठेवले, पैसे घेतले नाहीत, आणि एवढेच म्हणाले, "साहेब, बी घरच्या माणसाला लावतो तेच दिले आहे. एकदा रात्री विजेरी घेऊन वाफ्यावर जा." आम्हांला वाटले, चोर तो चोर, वर आम्हांलाच रात्री जागवतो आहे.

दुसऱ्या पेरणीच्या वेळी आम्ही ओळीत मधून मधून मुळ्याचे दाणे टाकले. मुळा चार दिवसांत उगवतो आणि गाजराची ओळ कुठे आहे ते दाखवतो, ही जुन्या माळ्यांची युक्ती आहे. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाणी घालताना मुळ्याच्या पानांच्या मधे हिरवी रेघ दिसली. दोऱ्याएवढी नाजूक, गवतासारखी, पण गाजराचीच. आम्ही घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो रेघ नाही. मुळ्याच्या पानांना भोके, आणि मातीवर चांदीचा वर्ख पुसावा तशा चकचकीत वाटा. आमची आई मागे उभी होती. ती म्हणाली, "बी उगवत होतं रे. तू उठायच्या आधी कुणीतरी जेवून जात होतं."

त्या रात्री दहा वाजता आम्ही विजेरी घेऊन परसात गेलो. जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. वाफ्याच्या कडेने, डोणीच्या काठावरून, भिंतीवरून, शिंगे पुढे काढून संथपणे मिरवणूक चालली होती. काही शंखवाल्या, मुठीएवढ्या. काही बिनशंखाच्या, काळसर, चपट्या, ओल्या चामड्याच्या तुकड्यासारख्या, ज्यांना पुष्कळ ठिकाणी शेंबड्या म्हणतात. कान देऊन ऐकले तर मुळ्याचे पान खरवडल्याचा बारीक आवाजही येत होता. मोजल्या तेव्हा त्रेचाळीस भरल्या. तीन वाफ्यांच्या परसात त्रेचाळीस, आणि आम्ही दुकानदाराच्या बियाण्याला दोष देत होतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो आणि, पहिल्या वेळेइतक्याच मोठ्याने, गिऱ्हाइकांच्या देखतच माफी मागितली. गृहस्थ हसले. म्हणाले, "बियाण्याच्या पाकिटाला बोलता येत नाही आणि गोगलगाय दिवसा दिसत नाही. म्हणून सगळ्यांची बोलणी मला खावी लागतात. तुम्ही परत तरी आलात. बहुतेक येत नाहीत." श्रोतेहो, हे वाक्य आमच्या मनाला लागून राहिले आहे. आपल्यापैकी कितीजणांनी आपली न उगवलेली गाजरे अशी कुणाच्या तरी माथी मारली असतील!

आता शास्त्राकडे वळू. गोगलगाय वांगे खाते, कोबी खाते, झेंडू तर आवडीने खाते. मग गाजराचेच एवढे काय? कारण असे, की टोमॅटोचे किंवा वांग्याचे रोप आपण कुंडीत वाढवतो, ते जून झाले म्हणजे वाफ्यात लावतो. एक खाल्ले तर दुसरे लावता येते. गाजराला ही सोय नाही. त्याचे जे मूळ, तेच फळ. उपटून दुसरीकडे लावले की ते मूळ दुखावते, त्याला दोन-तीन फाटे फुटतात, आणि गाजराऐवजी आखडलेल्या हाताचा पंजा मिळतो. म्हणून गाजर पेरले तिथेच वाढले पाहिजे. त्यात ते उगवायला आळशी. आठ दिवस, पंधरा दिवस, कधी तीन आठवडेही घेते. उगवते तेव्हा इतके बारीक, की एक गोगलगाय एका रात्रीत हातभर ओळ सहज फस्त करते. मागे बुंधाही राहत नाही, म्हणून माणसाला वाटते की बी उगवलेच नाही. चार-पाच खरी पाने फुटली, की मग झाड एखाददुसरे पान गमावूनही तगते. सारांश, गाजराचे रक्षण म्हणजे पेरणीपासूनच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांचे रक्षण. बाराही महिने लढाई करण्याचे कारण नाही.

आणि खरी अडचण पुढेच आहे. गाजराच्या बियाला उगवण्यासाठी माती सतत ओली लागते. गोगलगाईलाही चालण्यासाठी ओलच लागते, कारण ती स्वतःच्या बुळबुळीवर सरकते आणि कोरड्या जमिनीवर ती बुळबूळ फार खर्च होते. म्हणजे आपण गाजरासाठी जे अंथरतो, त्यावरूनच पाहुणी येते. आम्ही रोज संध्याकाळी झारीने पाणी घालत होतो, ते तिच्यासाठी सडा घालत होतो, असेच म्हणायचे. त्यावर तोड साधी आहे. पाणी सकाळी घालावे. दिवसभरात वरचा पापुद्रा सुकतो, खाली ओल राहते. बियाचे काम होते आणि रात्रीची वाट कोरडी पडते. एवढा एक बदल केला तरी रात्रीची गर्दी डोळ्यांना दिसेल इतकी उतरते.

शत्रूचे थोडे चरित्रही माहीत असावे. आपल्या परसात जी मोठी शंखी गोगलगाय दिसते, ती मुळात इथली नव्हे. ती पूर्व आफ्रिकेची. तिच्यात नर-मादी असा भेद नाही. प्रत्येकीत दोन्ही असतात, आणि म्हणून प्रत्येक जण अंडी घालू शकते. एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी मातीत घालते. पिवळसर पांढरी, लहान वाटाण्याएवढी. पिल्लू सहा महिन्यांत वयात येते. जिभेवर हजारो बारीक दातांची कानस असते, तिने ती पान खरवडते. आता हिशेब आपला आपण करावा. श्रावणात एक मोठी गोगलगाय उचलली, तर पुढच्या दोन-चारशेंचे पान वाचते. आणि ती सोडून दिली, तर दिवाळीत त्या पिल्लांना घेऊन ती गाजरावर येते.

मग करावे काय? आधी काय करू नये ते सांगतो, कारण उपाय सांगणारे फार असतात. पहिला सल्ला मिठाचा. मीठ टाकले की गोगलगाय मरते हे खरे. मीठ तिच्या अंगातले पाणी ओढून घेते. पण तेच मीठ वाफ्यात उतरते, आणि मग गोगलगाय नाही आणि गाजरही नाही. वाफ्यात मीठ कदापि टाकू नये. दुसरा सल्ला अंड्याच्या टरफलांचा, तांब्याच्या पट्टीचा. टरफलांची टोके तिच्या पोटाला बोचतील असे आपल्याला वाटते. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली तांब्याची पट्टी, अंड्याची टरफले, खडी, सालींचा चुरा आणि लोकरीच्या गोळ्या अशा लोकप्रिय उपायांची लेट्यूसच्या रोपांवर परीक्षा घेतली. नुकसान कशानेही कमी झाले नाही. आम्ही स्वतः राख आणि चुन्याची रांगोळी घालून पाहिली आहे. कोरडी असेतो ती थोडी अडवते. एक सर आली की रांगोळीचा चिखल होतो आणि पाहुणी वरून निघून जाते. राखेवर भरवसा ठेवून झोपू नये एवढेच.

आता जे उपाय आमच्या परसात टिकले ते सांगतो. एकही विकत घेण्याचा नाही.

पहिला, गोणपाटाचा. जुने गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मधल्या वाटेवर पसरावे. ओळीवर नव्हे, वाटेवर. रात्री फिरून दमलेल्या गोगलगाई पहाटे ओल आणि अंधार शोधतात, आणि त्या गोणपाटाखाली शिरतात. सकाळी ऊन चढण्याआधी ते उलटावे. मराठवाड्यात शेतकऱ्यांनी हाच उपाय एकरांवर केला आहे. गोणपाट नसेल तर कोबीची जून पाने किंवा पपईच्या साली उपड्या घालाव्यात. पपईचा वास त्यांना दुरून कळतो. पाश्चात्य बागवान यासाठी बशीत बिअर ठेवतात, तिच्यातल्या यीस्टच्या वासाने त्या येतात. आमच्या गल्लीत तो प्रयोग केला असता तर गोगलगाईंच्या आधी दुसरेच कोणी आले असते, म्हणून आम्ही गुळावर भागवले. पण गोणपाट उलटण्याचा कंटाळा केला, तर आपण त्यांना फुकटची धर्मशाळा बांधून दिली असे होते, हे विसरू नये.

दुसरा, विजेरीचा. बी पेरल्यापासून रोज रात्री नऊ-दहाच्या सुमारास पंधरा मिनिटे फिरावे आणि दिसेल ती उचलावी. उचलताना हातमोजा किंवा हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. उघड्या हाताने धरू नये, मुलांना तर धरू देऊच नये. त्याचे कारण पुढे सांगतो. बादलीत साबणाचे किंवा मिठाचे दाट पाणी घ्यावे, त्यात टाकाव्यात, आणि सकाळी वाफ्यापासून दूर खड्डा करून पुराव्यात. पहिल्या रात्री त्रेचाळीस, आठव्या रात्री नऊ, आणि तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन, असा आमचा अनुभव आहे.

तिसरा, जाळीचा. लाकडी चौकटीला जुन्या मच्छरदाणीची जाळी ठोकून ती ओळीवर ठेवावी आणि कडा दोन बोटे मातीत दाबाव्यात. आत आधीच कोणी बसलेले नाही एवढे पाहून घ्यावे. रोपे चार बोटे झाली की चौकट काढावी.

चौथा, भर देण्याचा. गाजर फुगू लागले की त्याचे खांदे मातीच्या वर येतात. शेंबड्या तिथूनच कोरतात. खुरप्याने माती ओढून खांदे झाकावेत. त्याने गाजराचा माथा हिरवाही पडत नाही.

पाचवा उपाय आपण करायचा नाही, फक्त मोडायचा नाही. काजव्याची अळी गोगलगाई खाऊनच वाढते. बेडूक लहान गोगलगाई खातात. आपला भारद्वाज, ज्याला कोणी कुंभारकुकडा म्हणतात, तो मोठी शंखी गोगलगायसुद्धा फोडून खातो. भारद्वाजाचे दर्शन शुभ, असे आपण मानतो. गाजरे पेरणाऱ्याने तर ते मानलेच पाहिजे. वाफ्यावर सरसकट विषाची फवारणी करणारा आधी या आपल्या पहारेकऱ्यांना मारतो.

विषाचा विषय निघाला आहे तर तोही स्पष्ट बोलू. बाजारात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात आणि त्यांनी गोगलगाई मरतात. पण त्या गोळ्या आमिषाच्या असतात. ज्या वासाने गोगलगाय येते, त्याच वासाने कुत्राही येतो, आणि कुत्र्याला त्या प्राणघातक आहेत. ब्रिटनमध्ये तर २०२२ पासून उघड्यावर त्या वापरण्यास बंदी आहे. पक्षी आणि वन्य प्राणी यांना होणारा धोका हे तिचे कारण. शेकडो एकरांचे पीक जात असताना शेतकऱ्याने काय करावे हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला शहाणपण शिकवण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण तीन वाफ्यांच्या परसात, जिथे घरातले मूल मातीत खेळते आणि शेजारचे कुत्रे भिंतीवरून येते, तिथे पंधरा मिनिटांच्या विजेरीचे काम विषाकडे सोपवू नये.

येथवर सगळे आमच्या कुंपणाच्या आतले झाले. आता भिंतीपाशी येऊ; आमची दुसरी लाज तिथेच आहे.

त्या पहिल्या वर्षी, जीव घेणे जिवावर आले म्हणून, आम्ही काही रात्री उचललेल्या गोगलगाई भिंतीपलीकडे टाकून देत होतो. पलीकडे नाना राहतात, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या परसात तण फार, म्हणून आम्ही मनाची समजूत घातली की तिथे त्यांना खायला पुष्कळ आहे. पण आमच्याकडच्या काही कमी होईनात. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एका बागवान आजीबाईंनी नेमकी हीच शंका घेऊन २०१० साली एक प्रयोग केला होता आणि बीबीसी रेडिओची हौशी शास्त्रज्ञांची स्पर्धा जिंकली होती. त्यांनी शंखांना नखांचा रंग लावून गोगलगाई दूर सोडल्या, आणि त्या घरी परत येतात असे दाखवले. ते वाचून आम्हीही मुलीचा नखरंग घेतला, पाच शंखांवर ठिपके दिले आणि पाचही जणी भिंतीपलीकडे पोहोचवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात उभे. हातात डबा, डब्यात लाल ठिपक्यांच्या दोन गोगलगाई. म्हणाले, "या तुमच्याच ना? रंग ओळखीचा वाटला. आणि आता खरे सांगतो, या आधी मी तुमच्याकडे टाकत होतो त्यांना रंग नव्हता." दोघे शहाणे, दोघे वृद्धत्वाकडे झुकलेले, आणि दोघे मिळून एकाच गोगलगाईला रोज रात्री भिंतीवरून फिरवून आणत होतो!

हसण्यावारी नेऊ नका. भिंतीपलीकडे टाकलेल्या दोन गोगलगाईंनीच हा सारा इतिहास घडवला आहे. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका इंग्रज शंखतज्ज्ञाने मॉरिशसहून दोन जिवंत आफ्रिकी गोगलगाई कलकत्त्याला आणल्या आणि चौरंगीतल्या एका मित्राच्या बागेत सोडल्या. कुतूहल एवढेच कारण. १९०० साली कलकत्त्याहून त्या सिंहलद्वीपात नेल्या गेल्या. पुढे त्या देशभर पसरल्या. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे अशी खाल्ली, की शेतकऱ्यांना पेरणी पुन्हा करावी लागली. आमच्या गाजराची ओळ गेली तेव्हा आम्हांला फार तर एका कोशिंबिरीचा तोटा झाला. तिकडे तीच गोष्ट घडली तेव्हा वर्षाचे पोट गेले. परसातल्या माणसाने हा फरक मनात ठेवावा.

काट्याने काटा काढावा, म्हणजे दुसरी मांसाहारी गोगलगाय आणून हिच्यावर सोडावी, हाही विचार जगात झालेला आहे. ताहितीशेजारच्या मूरेआ बेटावर १९७७ साली अशी एक अमेरिकन गोगलगाय सोडण्यात आली. तिने आफ्रिकी गोगलगाय राहू दिली आणि बेटावरच्या, जगात अन्यत्र कुठेही नसलेल्या पार्टुला नावाच्या लहान गोगलगाई शोधून शोधून खाल्ल्या. दहा वर्षांत त्या तिथल्या रानातून नाहीशा झाल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयांत ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. दुसऱ्याच्या अंगणात काही सोडताना, मग ते बेट असो की नानांचे परस, पुढचे पुढे पाहू असे म्हणू नये. ते पुढे कोणालातरी पाहावेच लागते.

नानांनी आणि आम्ही त्या दिवशी चहा घेतला आणि तह केला. भिंतीवरून काही टाकायचे नाही. एकाच रात्री, एकाच वेळी दोघांनी विजेरी घ्यायची. पुढे मागच्या दोन घरांनाही आम्ही ओढले. चार परसांत मिळून दोन पावसाळे हे केले, आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर चारही घरांत घरची गाजरे निघाली. एकट्याने केले तेव्हा आम्ही रोज तेच ते करत होतो. चौघांनी केले तेव्हा काम संपू लागले. गोगलगाय भिंत मानत नाही. मग तिच्या बंदोबस्तापुरती तरी आपणही भिंत मानू नये.

आता उघड्या हाताने धरू नये म्हणालो त्याचे कारण. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक बारीक जंत आहे. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून गोगलगाईच्या पोटात जातात. अशी गोगलगाय, किंवा तिचे लहानसे पिल्लू, कच्च्या भाजीबरोबर नकळत माणसाच्या पोटात गेले, तर त्या अळ्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून दाह उत्पन्न करू शकतात. ही गोष्ट रोज घडणारी नाही. घाबरण्याचे कारण नाही. पण गाजर आपण कच्चे खातो, आणि परसातले गाजर मुले उपटतात, फ्रॉकला पुसतात आणि कडकडा खातात. एवढी एक सवय मोडावी. गाजराचा माथा कापून टाकावा, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, साल काढावी. कोथिंबीर, पालक ही पानभाजी पान पान करून धुवावी. गोगलगाय हाताळली तर हात साबणाने धुवावेत. शिजवलेल्याला भय नाही.

वेळ होत आली आहे, तेव्हा घरी जाऊन काय करायचे तेवढे सांगून संपवतो. उद्या रविवार आहे. सकाळी उन्हाच्या आधी परसात जा. कुंड्या उचला, विटा हलवा, पालापाचोळ्याचा ढीग उलटा. तोंड लिंपून झोपलेले शंख सापडतील. ते हातमोजा घालून गोळा करा. वाफे कुदळीने खणून उन्हात तापू द्या. मातीतली अंडी वर आली की उन्हाने सुकतात. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठ दिवस रात्री विजेरी घ्या; तेव्हा वाचलेल्या जाग्या होतात आणि अजून अंडी घालायच्या असतात. आणि गणपतीनंतर गाजर पेराल तेव्हा पाणी सकाळी घाला. या सगळ्याआधी एक काम मात्र आजच्या आजच करा. घरी जाताना शेजारच्यांचे दार वाजवा.

आपल्या पूर्वजांनी गाजराबद्दल मोठे समाधानाचे वचन करून ठेवले आहे, की गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. पण हे समाधान ज्याच्या हातात गाजर आहे त्याला. ते हातात येईपर्यंत काही रात्री जागावे लागते. त्या आपण जागाल, आणि वाफा रिकामा दिसला तर बियाण्याच्या दुकानात भांडायला जाण्याआधी एकदा विजेरी लावून पाहाल, एवढी आशा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.